लहानपणी डोक्याला शेक (रेडिएशन) दिलेला, आता ३६व्या वर्षी मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणातली गाठ). जुना कॅन्सर परत आला का?

डाळिंबवाली_सांगोला

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या.

आमचे हे ३६ वर्षांचे. डाळिंबाचा व्यापार आहे. गेल्या महिन्यात मार्केट यार्डात सौदा चालू असताना अचानक फिट आली. याआधी कधीच आली नव्हती. सोलापूरला नेऊन एमआरआय केला. डोक्यात उजव्या बाजूला, वरच्या अंगाला २.१ सेंटिमीटरची गाठ आहे आणि ती मेनिन्जिओमा असावी असं रिपोर्टात आहे. न्यूरोसर्जननी फिल्म उजेडावर धरली आणि पहिलाच प्रश्न केला, "लहानपणी डोक्याला रेडिएशन घेतलं होतं का?" मी लगेच नाही म्हणाले. शेजारी आत्या (सासूबाई) बसल्या होत्या, त्या काहीच बोलेनात.

लग्नाला नऊ वर्षं झाली आणि मला त्या दिवशी कळलं, की यांना सहाव्या वर्षी, १९९५ साली, रक्ताचा कॅन्सर झाला होता. मुंबईला टाटात उपचार झाले, डोक्याला लाईट दिली. मला सांगितलेलं एवढंच, की लहानपणी मोठा ताप आलेला म्हणून उंची जरा कमी राहिली. फाईल होती, ती यांचं लग्न ठरलं तेव्हा आत्यांनी पंढरपूरला जाऊन चंद्रभागेत सोडली. नव्या सुनेच्या घरात तसला कागद नको म्हणून. एक चिठोरं तेवढं देवघरातल्या पोथीत राहून गेलं. त्यावर लिहिलंय "सीआर आरटी १८०० सीजीवाय", पुढे १० आणि दोन उभ्या दोन आडव्या रेघांची जाळीसारखी खूण. बाकी शाई उडालीय.

आता मला कळत नाहीये, की हा तोच कॅन्सर परत आलाय का? शेकामुळे गाठ झाली असेल तर अंगात आणखी कुठे कुठे होऊ शकते? इथल्या एका लॅबचं फुल बॉडी पॅकेज आहे, ते करून घेऊ का? पाच वर्षांची मुलगी आहे, तिला काही धोका? आणि आत्या. त्यांचं जेवणखाण सुटलंय. "मीच त्याला त्या मशीनखाली निजवला" एवढंच घोकतात. मला त्यांचा राग पण येतो आणि बघवत पण नाही. काय सांगू त्यांना?

निसर्गवेडा

ताई, काळजी करू नका, पण एमआरआय-सीटीच्या नादी लागू नका. प्रत्येक स्कॅन म्हणजे पुन्हा रेडिएशन. त्यानेच तर झालंय ना हे? रोज सकाळी अनशापोटी गव्हांकुराचा रस द्या, तीन महिन्यांत फरक पडेल. माझ्या मावससासऱ्यांना पडला होता.

कोबाल्टकाका_मिरज

निसर्गवेडा, गव्हांकुराचा रस खुशाल प्या, कोण नको म्हणतंय. पण एमआरआयमध्ये रेडिएशन नसतं हो, चुंबक असतं. सीटीत असतं, पण या माणसाला लहानपणी मिळालेल्या डोसापुढे डोक्याचा एक सीटी म्हणजे किरकोळ. फिट आलेल्या माणसाला तपासणीपासून परत फिरवू नका.

ताई, मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. रेडिओथेरपीच्या मशीनवर टेक्निशियन म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. कोबाल्टच्या, म्हणजे शेकाच्या जुन्या मशीनच्या जमान्यातला माणूस. गाठीचं काय करायचं ते सर्जन सांगतील. शेक कुठे लागला आणि कुठे नाही, ते मी सांगू शकतो. तुमचे निम्मे प्रश्न त्याचेच आहेत.

ते चिठोरं आधी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा. लाखमोलाचा कागद आहे. सीआर आरटी म्हणजे क्रेनियल रेडिओथेरपी, फक्त कवटीला. सीजीवाय म्हणजे सेंटिग्रे, शंभर सेंटिग्रेचा एक ग्रे. जाळीची खूण आम्ही फ्रॅक्शनसाठी काढायचो. म्हणजे १८०० चे दहा हिस्से, रोज १८०, शनिवार-रविवार सुट्टी. दोन आठवड्यांत काम संपलं. एकूण १८ ग्रे. त्या काळात टाटात पोरांच्या रक्ताच्या कॅन्सरला एमसीपी ८४१ नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरलेला क्रम चालायचा, त्यात डोक्याला एवढाच शेक असायचा. वर्षही जुळतंय.

आता फील्ड, म्हणजे किरण पडतात तेवढा भाग. पोराला पाठीवर निजवायचं, मान हलू नये म्हणून मुखवटा, आणि दोन्ही कानांच्या बाजूंनी समोरासमोर दोन फील्ड. पूर्ण मेंदू आत, खालची हद्द मानेच्या दुसऱ्या मणक्यापाशी, डोळ्यांची भिंगं शिशाच्या ठोकळ्यांनी झाकलेली. हद्दीच्या खुणा जांभळ्या शाईने कातडीवर. आयांना दटावायचो, डोक्यावरून पाणी घालू नका, खूण पुसली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. म्हणजे यांना किरण लागले ते मेंदू, त्याची आवरणं, कवटी आणि डोक्याची कातडी यांना. गळ्यातला थायरॉईड फील्डच्या बाहेर, पण काठाला लागून. त्याला इकडेतिकडे विखुरलेले थोडे किरण मिळतात. कोबाल्टचा काठ तसा धूसरच, आजच्या मशीनसारखा कापल्यागत नाही. छाती, पोट, आतडी, किडनी यांच्या वाट्याला म्हणावं असं काही नाही.

म्हणून ते पॅकेज राहू द्या. शेकामुळे झालेली गाठ शेक जिथून गेला तिथे होते, किंवा त्याच्या काठावर. पोटाच्या सोनोग्राफीत आणि तीस प्रकारच्या रक्ततपासण्यांत तुम्हाला यातलं काही सापडणार नाही, एखादा निरुपद्रवी डाग मात्र सापडेल आणि त्याच्यापायी आणखी महिनाभर झोप जाईल.

जुना कॅन्सर परत आला का? नाही. तो रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा होता. मेनिन्जिओमा मेंदूच्या आवरणातून उगवतो आणि बहुतेक वेळा साधा असतो, म्हणजे दुसरीकडे पसरत नाही, हळूहळू वाढतो. शेकाने काही पेशी मरतात, काही आपली मोडतोड दुरुस्त करतात, आणि एखादी चुकीची दुरुस्ती करून तशीच जगत राहते. तिची गाठ व्हायला वीस-तीस वर्षं जातात. लहान मुलांना हा धोका मोठ्यांपेक्षा जास्त, कारण त्यांच्या पेशी वाढीला लागलेल्या असतात आणि पुढे आयुष्यही लांब पडलेलं असतं. अमेरिकेत लहानपणी कॅन्सर होऊन वाचलेल्या हजारो जणांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून आहेत. त्यात डोक्याला शेक घेतलेल्यांपैकी शंभरात पाच-सहा जणांना वयाच्या चाळिशीपर्यंत मेनिन्जिओमा निघाला, आणि शेक व गाठ यांतलं अंतर साधारण २२ वर्षांचं होतं. उलटं वाचलं तर शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना तोवर निघाला नव्हता. तुमचे यजमान त्या पाच-सहात आले.

हे कळलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० च्या दरम्यान बाहेरून आलेल्या कुटुंबांतल्या दहा हजारांहून जास्त पोरांना डोक्यातल्या गजकर्णासाठी एक्स-रेचा शेक दिला. गजकर्णासाठी! तेव्हा ती रीतच होती, केस गळून बुरशी जावी म्हणून. मेंदूला सरासरी दीड ग्रेच पोचला. तरी पुढे त्या पोरांमध्ये मेनिन्जिओमाचं प्रमाण कितीतरी पट निघालं, थायरॉईडच्या कॅन्सरचंही. १९९४ साली तिथल्या सरकारला भरपाईचा कायदा करावा लागला. ते ऐकून माझं डोकं फिरलं होतं, कारण तिथे जिवावरचं काही नव्हतंच.

तुमच्या घरात मात्र जिवावरचंच होतं. हे आत्याबाईंना वाचून दाखवा. रक्ताच्या कॅन्सरची औषधं रक्तातून अंगभर फिरतात, पण मेंदूत नीट शिरत नाहीत. पूर्वी पोरं औषधाने बरी व्हायची, घरी जायची, आणि काही महिन्यांत मेंदूच्या पाण्यात आजार उगवायचा. १९६० च्या दशकात अमेरिकेत मेम्फिसला सेंट ज्यूड रुग्णालयात डॉक्टर डोनाल्ड पिंकेल यांनी मेंदूला आधीच शेक आणि पाठीतून औषध द्यायला सुरुवात केली, आणि पहिल्यांदाच निम्मी पोरं वाचायला लागली. त्यांचा डोस २४ ग्रे होता, पुढे तो १८ वर आला. आपल्याकडे एमसीपी ८४१ येण्याआधी पाचातलं एखादं पोर कायमचं बरं व्हायचं. त्या प्रोटोकॉलने ते प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. १९९५ मध्ये आईने "शेक नको" म्हटलं असतं तर डाळिंबाचा व्यापार करायला पोरगं बहुधा उरलंच नसतं.

आज रक्ताच्या कॅन्सरच्या बहुतेक पोरांना डोक्याला शेक देत नाहीत, पाठीतल्या औषधांवर भागवतात. सगळे कॅन्सर धरले तर अमेरिकेत १९७० च्या दशकात शंभरातल्या ७७ पोरांना शेक मिळायचा, १९९० च्या दशकात ३३ जणांना, आणि दुसऱ्या कॅन्सरचं प्रमाणही त्याबरोबर खाली आलं. हे शहाणपण आत्याबाईंच्या मुलासारख्या पोरांकडे बघूनच आलं.

मशीनखाली निजवला म्हणतात, तर ते दृश्य मी रोज पाहिलंय. पोर आत एकटं, जाड दार बंद, आई बाहेर आमच्या टेबलापाशी, छोट्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर डोळे लावून. माईक तिच्या हातात द्यायचो. कुणी अंक म्हणायची, कुणी "हलू नको रे राजा, झालंच आता". एक बाई रोज तीच गोष्ट सांगायची, चिमणीचं घर मेणाचं, आणि दिवा बंद झाला की गोष्ट तिथेच तोडायची, उरलेली उद्या. दुसऱ्या दिवशी ते पोर आपणहून टेबलावर चढायचं. बाकी सगळे आवाज विसरलो, तो कर्णा आणि त्यातून येणारा तिचा आवाज विसरलो नाही.

मुलीची काळजी सोडा. बापाचा रक्ताचा कॅन्सर असा वारशाने येत नाही, आणि शेक घेतलेल्यांच्या मुलाबाळांत जन्मजात व्यंगं किंवा कॅन्सर वाढल्याचंही दिसलेलं नाही. काही कॅन्सर वारशाचे असतात, पण हा त्यांतला नव्हे.

यजमानांचं काय बघायचं, ते डॉक्टरांना विचारून पक्कं करा. गळा दरवर्षी हाताने तपासून घेणं, थायरॉईडची रक्ततपासणी, डोक्याच्या कातडीवर न भरणारी जखम किंवा वाढता तीळ आहे का ते बघणं (न्हाव्याला सांगून ठेवा, त्याला आधी दिसतं). आणि एकदा हृदयाची इको. ती शेकामुळे नव्हे, त्या प्रोटोकॉलमध्ये डॉनोरुबिसिन हे लाल औषध असायचं, ते हृदयाला त्रास देऊ शकतं म्हणून. उंची कमी राहिली तीही तापाने नव्हे, डोक्याच्या शेकाने वाढीच्या हार्मोनवर परिणाम होतो.

मृण्मयी_कोथरूड

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी "शेक जिथे तिथे" याचं दुसरं टोक सांगते.

मला १४व्या वर्षी, १९९९ मध्ये, हॉजकिन (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला. मान आणि छातीला रेडिएशन, शिवाय एबीव्हीडी नावाची केमो. बरी झाले, शिकले, नोकरीला लागले. आमच्याकडे लपवालपवी नव्हती, आई सगळ्यांना सांगायची. पण पुढे काय बघायचं हे मात्र कुणी सांगितलं नाही. मीच कुठेतरी वाचलं, की मुलीच्या छातीला लहान वयात शेक मिळाला असेल तर २५व्या वर्षापासून, किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी स्तनांची तपासणी करायची असते, एमआरआय आणि मॅमोग्राम. अशा मुलींपैकी शंभरात तीसेक जणींना पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर होतो. हे प्रमाण बीआरसीए जनुकाचा दोष (ज्याने स्तनाच्या कॅन्सरचा धोका वारशाने येतो) असलेल्या बायकांच्या पंगतीला बसणारं आहे.

आमच्या भागातल्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले तर त्या हसल्या. "या वयात मॅमोग्राम? लग्न कर, मूल होऊ दे, विचार कमी कर." मी दुसरीकडे गेले. दरवर्षी भांडून एमआरआय करून घ्यायचे, विम्याचे पैसे कधीच मिळाले नाहीत. ३४व्या वर्षी त्यात ९ मिलिमीटरची गाठ दिसली. हाताला काहीच लागत नव्हतं.

आता तुमच्यासाठी महत्त्वाचं. सर्जननी पहिल्या भेटीत दोन आकडे मागितले. छातीला आधी किती ग्रे मिळालेत, आणि डॉक्सोरुबिसिन (माझ्या केमोतलं एक औषध) एकूण किती मिलिग्रॅम झालंय. त्या जागी पुन्हा पूर्ण शेक देणं अवघड असल्यामुळे गाठ तेवढी काढून भागणार नव्हतं, स्तन काढायचं ठरलं. डॉक्सोरुबिसिनला आयुष्यभराची मर्यादा असते, त्यातलं बरंच माझं १४व्या वर्षीच खर्ची पडलं होतं, म्हणून औषधंही दुसरी निवडली. आईने प्लास्टिकच्या डब्यात जपलेली फाईल होती म्हणून हे एका दिवसात ठरलं. नसती तर अंदाजपंचे.

तेव्हा फाईल चंद्रभागेत गेली याचं दुःख करत बसू नका, पण दुसरी प्रत मिळवाच. आत्यांवर रागावू नका असं मी म्हणणार नाही. रागवा. माझ्याच बरोबरच्या दोन मैत्रिणींनी सासरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे त्या तपासणीला जाऊच शकत नाहीत. घरी काय कारण सांगणार?

बापमाणूस_जालना

काका, एक विचारू का. माझ्या मुलाला बाळ असताना दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) होता. एक डोळा काढला, दुसऱ्याला किरणोपचार देऊन वाचवला. आता १३ वर्षांचा आहे, क्रिकेट खेळतो. तीन आठवडे गुडघ्याच्या वर दुखतंय म्हणतो, रात्री जास्त. आम्ही लचक समजून बाम लावतोय. शेक तर डोळ्याला होता, पायाला नाही. म्हणजे काळजी नाही ना?

कोबाल्टकाका_मिरज

बापमाणूस, बाम ठेवा बाजूला आणि याच आठवड्यात हाडाच्या डॉक्टरकडे जाऊन एक्स-रे काढा. सोबत रेटिनोब्लास्टोमाचे कागद न्या आणि "दोन्ही डोळ्यांत होता" हे तोंडाने सांगा, नाहीतर तेही लचकच म्हणतील.

तुमच्याकडे माझा "शेक जिथे तिथे" हा नियम चालत नाही. दोन्ही डोळ्यांत होतो तेव्हा आरबी१ नावाच्या जनुकातला दोष अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो. अशा मुलांना डोळ्याच्या आसपास, शेकाच्या जागी, हाडामांसाचे कॅन्सर होण्याचा धोका वाढतोच, पण शेक न लागलेल्या जागीही होऊ शकतात. आणि या वयात गुडघ्याजवळचं हाड ही त्याची ठरलेली जागा. बहुतेक वेळा खेळातलीच दुखापत निघेल, तशीच निघो. पण रात्री दुखणं आणि तीन आठवडे, यावर थांबायचं नाही. शेकाच्या जागी कॅन्सर होण्याच्या या धोक्यामुळेच हल्ली अशा बाळांना बाहेरून शेक देणं डॉक्टर शक्यतो टाळतात.

डाळिंबवाली_सांगोला

काका, मृण्मयीताई, खूप आभार. काकांचं सगळं आत्यांना वाचून दाखवलं. माईकचं ऐकून म्हणाल्या, "मी त्याला पाढे म्हणायला लावायचे." मग त्यांनी एक गोष्ट केली. मी म्हटलं फाईल नाही तर केस नंबर तरी कुठून आणायचा, तर त्यांनी सगळा नंबर एका दमात सांगितला, अक्षरांसकट. तीस वर्षांनी! रांगेत उभं राहून इतक्यांदा सांगितलाय म्हणाल्या, मरताना पण सांगेन.

यांचं निराळंच. म्हणतात, मला थोडंफार माहीत होतं, तू सोडून जाशील म्हणून बोललो नाही. त्यावर आमचं वेगळं भांडण चालू आहे, ते इथे नको.

डॉक्टर म्हणाले तीन रस्ते आहेत. सहा महिन्यांनी परत एमआरआय करून नुसतं बघायचं, ऑपरेशन करायचं, किंवा नेमका एकाच जागी रेडिएशनचा झोत द्यायचा. तिसऱ्याचं नाव काढलं की आत्या उठून जातात. ज्याने झालं तेच परत कसं द्यायचं? आणि टाटात तीस वर्षांपूर्वीच्या पेशंटला कुणी दारात उभं करेल का?

कोबाल्टकाका_मिरज

नंबर मिळाला ना, निम्मं काम झालं. टाटात एसीटी क्लिनिक आहे. उपचार संपवून बऱ्या झालेल्या पोरांसाठीचीच ओपीडी, १९९१ पासून चालू. तिथे येणारी पोरं आता चाळिशीची झालीत, तुमचे यजमान तिथे नवल नाहीत. अशा बऱ्या झालेल्यांचाच "उगम" नावाचा गट आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली, २००९ पासून. यजमानांना तिथल्या कुणाशी बोलू द्या. बायकोशी बोलायला लाजतात ते तिथे बोलतील. रेकॉर्ड विभागात केस नंबर, त्या वेळचं नाव-पत्ता, आधार आणि अर्ज द्या. मागताना नुसती फाईल मागू नका, "रेडिओथेरपी ट्रीटमेंट समरी आणि केमोचे एकूण डोस" असं लिहा, नाहीतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात पडते.

तिसऱ्या रस्त्याबद्दल. तेव्हाचा शेक सगळ्या डोक्याला होता. आताचा झोत दोन सेंटिमीटरच्या गाठीला, आजूबाजूला फार थोडा. शिवाय ३६ वर्षांचा माणूस आणि सहा वर्षांचं पोर यांच्या पेशी सारख्या नसतात. तेव्हा "तेच परत" असं नाही. पण निवड सर्जनची आणि तुमची, माझी नव्हे. तुम्ही विचारायचं ते असं, की फिट येऊन गेली असताना नुसतं बघत राहणं बरं का? गाठ सोयीच्या जागी असेल तर काढून तिचा ग्रेड, म्हणजे ती किती साधी किंवा वाईट आहे, ते कळेल का? शेकानंतरचे मेनिन्जिओमा एकाहून जास्त असू शकतात आणि परत उगवण्याकडेही त्यांचा कल जरा जास्त असतो, म्हणून एमआरआय कॉन्ट्रास्ट देऊन केलाय का आणि बाकी आवरणं नीट बघितलीत का, हेही विचारा.

खारघरला टाटाच्याच ॲक्ट्रेक केंद्रात २०२३ पासून प्रोटॉन मशीन, म्हणजे शेकाचं नव्या तऱ्हेचं मशीन चालू झालंय. चेन्नईत २०१९ पासून आहे. प्रोटॉन गाठीपाशी पोचून थांबतो, पलीकडे जात नाही. मेंदू आणि पाठीच्या कण्याला शेक द्यावा लागतो अशा पोरांचा थायरॉईड, हृदय त्यामुळे वाचतं. आमचा कोबाल्ट आरपार जायचा. तुमच्या यजमानांना प्रोटॉनच पाहिजे असं मात्र काही नाही, कुणी त्या नावाखाली पैसे उकळायला लागलं तर आधी इथे विचारा.

मृण्मयी_कोथरूड

थायरॉईडबद्दल एक शंका, काका. माझ्या थायरॉईडला पूर्ण डोस मिळालाय आणि यांना नुसता काठावरचा. म्हणजे त्यांना भीती अगदीच कमी ना?

कोबाल्टकाका_मिरज

तसं सरळ नाही, म्हणून तर दरवर्षी गळा बघा म्हटलं. थायरॉईडला जेवढा डोस तेवढा कॅन्सरचा धोका, हे साधारण वीस ग्रेपर्यंत खरं. तीसच्या पुढे तो उतरायला लागतो, कारण तिथल्या पेशी बिघडून जगण्याऐवजी मरूनच जातात. मग थायरॉईड मंद पडतो, तो प्रकार वेगळा, त्याला गोळी आहे. यांच्या वाट्याला आलेला डोस वीसच्या कितीतरी खाली, म्हणून धोका थोडा, पण शून्य नाही. तुमचा गळाही बघत राहायचाच.

बापमाणूस_जालना

एक्स-रे झाला. हाडात काही नाही, स्नायू ताणलाय म्हणाले. तरी डॉक्टरांनी कागद बघून सहा आठवड्यांनी परत बोलावलंय, आणि दुखणं वाढलं तर त्याआधीच. धन्यवाद काका.

डाळिंबवाली_सांगोला

ऐकून बरं वाटलं, दादा.

आमची पुढच्या मंगळवारची वेळ ठरलीय, एसीटी क्लिनिकला. सोलापूरच्या डॉक्टरांनी पत्र दिलंय. आत्या येतेच म्हणतात, त्यांना न्यावं का? आणि आम्ही गाडी घेऊनच यावं म्हणतोय, हे चालवतील, तेवढंच भाडं वाचेल.

कोबाल्टकाका_मिरज

आत्याबाईंना जरूर न्या. तेव्हा कुठली औषधं मधेच बंद केली, कधी रक्त चढवलं, कधी ताप आला, हे कागदावर नसलेलं त्यांनाच आठवणार आहे.

गाडी यजमानांनी अजिबात चालवायची नाही, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. रात्रीची रेल्वे घ्या, खालचा बर्थ मागा. फिटची गोळी गाडीत असताना चुकवू नका, आणि एमआरआयची नुसती फिल्म नको, सीडीही मागून घ्या. सोलापूरचे लोक मागितल्याशिवाय देत नाहीत.